दर दिवाळीला जाम होणारी पंपाची मोटर: पाऊस आत गेलेला नसतो, तरी गंज येतो

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस माझ्या दुकानाच्या पायरीवर मोटरींची रांग लागते. पाऊस गेलेला असतो, आगरात शिंपणं सुरू करायचं असतं, आणि जूनमध्ये चांगली चालताना बंद केलेली मोटर बटण दाबल्यावर नुसती गुरगुरते. कुणाची फ्यूज उडवते, कुणाची बॉडीला हात लावला की झिणझिण्या देते. रांगेतल्या बहुतेक मोटरींवर एक वस्तू ठरलेली असते: प्लास्टिकची खोळ. खताची पिशवी, फाटका रेनकोट, निवडणुकीचा फ्लेक्स, एकदा तर लग्नाच्या बॅनरवरचे नवरा-नवरी. सुतळीने करकचून बांधलेली. "चार महिने थेंब लागू दिला नाही हो," असं मोटर आणणारा सांगतो आणि ते खरंच असतं. थेंब लागलेला नसतोच.

मोटर खोलायची, घासायची, बेअरिंग बदलायचं, रंग मारायचा. पुढच्या दिवाळीला तीच मोटर पुन्हा पायरीवर. पहिली काही वर्षं मीही हेच करत होतो आणि गंजाला खाऱ्या हवेचं नाव देत होतो. खारी हवा आहेच, पण दर वर्षी मोटर जाम होण्याचं मुख्य कारण ती खोळ आहे.

बंद मोटरच्या पोटात हवा असते. दुपारी उघडीप पडली की ती तापते, फुगते, थोडी बाहेर पडते. रात्री बॉडी गार पडते, आतली हवा आकसते आणि बाहेरची ओली हवा शाफ्टच्या फटीतून, टर्मिनल बॉक्समधून आत ओढली जाते. श्रावणात आमच्याकडे हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम फुटतो, तसा तो रोटरला, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरणाऱ्या भागाला, फुटतो. त्यात खोळीखालच्या जमिनीची वाफ वर येऊन तिथेच कोंडते. वाऱ्याने जी ओल दोन तासांत वाळली असती ती आपण बांधून ठेवतो. रोटर आणि त्याच्याभोवतीचा न फिरणारा स्टेटर यांच्यातली फट लहान मोटरीत पाव ते अर्धा मिलिमीटर असते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. चार महिन्यांत ती फट भरायला फार गंज लागत नाही.

माझ्या आजोळी विहिरीवरच्या मोटरवर नारळाच्या झावळांचं झाप असायचं, उतरतं, चारही बाजूंनी मोकळं. तिरका पाऊस आला की मोटर सरळ भिजायची. तरी ती जाम झाल्याचं मला आठवत नाही. तेव्हा वाटायचं जुन्या लोखंडाची कमाल. आता वाटतं, कमाल झापाची होती.

गुरगुरते म्हणजे नक्की काय?

सगळ्यात आधी, गुरगुरणारी मोटर "सुटेल, सुटेल" म्हणून चालू ठेवू नका. फिरायला अडकलेली मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, पंखा बंद असल्यामुळे गारवा नाही, आणि मिनिटाभरात वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तांब्याच्या तारेच्या वेढ्यांचा, वास सुटतो. गंजाची दुरुस्ती एका दुपारची असते. जळलेल्या वाइंडिंगचा खर्च तुम्हाला ठाऊक आहे.

मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात. खिशात अशासाठी की घरातलं कुणीतरी "लाईट गेली वाटतं" म्हणून ती परत बसवतं; माझ्या बाबतीत हे झालेलं आहे. मग कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला मदत करणारी, वीज साठवणारी डबी. वीज बंद केल्यावरही त्यात भार शिल्लक राहू शकतो, म्हणून होल्डरमध्ये बसवलेल्या तारेच्या बल्बच्या दोन टोकांनी तो उतरवा, मगच हात घाला. आता मागची जाळी काढून पंखा हाताने फिरवा.

पंखा अलगद फिरला तर गंज नाही, बहुधा कपॅसिटर गेलेला आहे. बॉडीवरच्या पट्टीत लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच नवा बसवा, अंदाजाने मोठा नको. खरखरत, अडखळत फिरला तर बेअरिंग. अजिबात हलला नाही तर मोटर जाम आहे की पंप, हे आधी ठरवायचं. मोनोब्लॉकमध्ये, म्हणजे मोटर-पंप एकत्र असलेल्या संचात, दोघांचा शाफ्ट एकच असतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या जाम मोटरींपैकी बऱ्याच मोटरी निर्दोष असतात. जूनमध्ये पंपातलं पाणी काढलेलं नसतं, त्या पाण्यात बिडाचा इंपेलर (पाणी फेकणारं चाक) बिडाच्या केसिंगला (पंपाच्या कवचाला) धरून बसतो. केसिंगचे बोल्ट काढून ते बाजूला घ्या, इंपेलर मोकळा करून बघा. त्याचा नट सोडताना आट्यांची दिशा आधी पाहा. उलट्या बाजूला जोर लावून शाफ्टचे आटे मारलेले मी पाहिलेत. तो जोर एकदा माझाच होता.

शॉक देणारी मोटर वेगळी. ती फिरत असेल तरी चालवायची नाही. आत वाइंडिंग ओलं आहे आणि अर्थिंगही गेलेलं आहे, असे दोन बिघाड एकत्र आल्याशिवाय बॉडी सहसा झिणझिणत नाही. विहिरीच्या ओल्या काठावर, अनवाणी पायाने, ही चेष्टा नाही.

खोलताना

बाजूची दोन्ही कव्हरं आणि बॉडी यांवर पंचने खुणा करा, एका बाजूला एक टिंब, दुसऱ्या बाजूला दोन. बसवताना कव्हर होतं तसंच बसलं पाहिजे, नाहीतर रोटर एका अंगाला घासतो. बोल्ट गंजले असतील तर रात्रभर डिझेल आणि इंजिन ऑइलच्या मिश्रणात भिजू द्या. रॉकेल हल्ली मिळतं कुठे! डब्ल्यूडी-40 चालतं, पण ते बोल्टवर. वाइंडिंगवर त्याचा फवारा मारून "साफ केली" म्हणणारे आहेत. तेलकट थरावर धूळ बसते आणि ती धूळ ओल धरून ठेवते.

कव्हर निघत नसेल तर समोरासमोर दोन छिन्न्या लावून थोडं इकडे, थोडं तिकडे ठोका. एकाच बाजूने ठोकलंत तर कव्हर तिरकं अडकतं आणि बिडाचा कान तुटतो. शाफ्टच्या टोकावर उघडी हातोडी मारू नका, टोक पसरतं आणि मग बेअरिंग त्यावरून निघत नाही. मध्ये लाकडाचा ठोकळा धरा. रोटर स्टेटरला चिकटलाच असेल तर मोटर दिवसभर कडक उन्हात ठेवा, मग शाफ्टला फडकं गुंडाळून पाइपपान्याने दोन्ही दिशांना थोडं थोडं हलवा. गॅसची ज्योत लावू नका, वाइंडिंगचं वार्निश तिथेच संपतं.

रोटर बाहेर ओढताना तो वाइंडिंगच्या बाहेर आलेल्या वेढ्यांवर घसटतो. मी खालच्या बाजूने लग्नपत्रिकेचा जाड कागद सरकवतो आणि त्याच्यावरून रोटर काढतो. पत्रिका वर्षभर साठवलेल्या असतातच.

गंज कुठला काढायचा, कुठला नाही

इथे बहुतेकजण चुकतात, आणि जास्त मेहनत करून चुकतात. रोटर आणि स्टेटरचा आतला भाग हा सलग लोखंडाचा गोळा नसतो. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पत्र्याच्या चकत्या एकमेकींपासून वेगळ्या राहतील अशा रचलेल्या असतात. ग्राइंडर किंवा कानस फिरवली की चकत्यांच्या कडा एकमेकींवर पसरतात, जोडल्या जातात, आणि तिथे आत भोवरे करंट फिरून लोखंड तापतं. मोटर चकचकीत दिसते आणि अर्ध्या तासात हात लावू देत नाही. लेथवर रोटर "जरा साफ" करून आणणारेही असतात. फट वाढली की मोटर रिकामी फिरतानासुद्धा जास्त करंट खाते.

म्हणून 320 किंवा 400 नंबरचा एमरी पेपर, हाताने, शाफ्टच्या दिशेने हलका हलका. सुटणारी पापडी निघाली, हाताला खडबडीत लागेना, की पुरे. तांबूस डाग राहिला तर राहू द्या. घासायच्या आधी वाइंडिंगवर कापड दाबून बसवा, कारण गंजाची पूड त्यात शिरली की काढताना नाकीनऊ येतात. स्टेटरच्या चकत्याच फुगून दातांजवळ सुट्या झाल्या असतील, पानं पिंजल्यासारख्या, तर त्या मोटरवर पैसे घालू नका. रिवाइंडिंग करूनही ती तापणारच.

वाइंडिंग मऊ ब्रशने झाडा. हवेचा दाब कमी ठेवा, टायरच्या दुकानातल्या पूर्ण दाबाने पूड आत घुसते. तेलकट मळ असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर, मोकळ्या हवेत. थिनर लावला की वार्निश सुटतं. पेट्रोलबद्दल बोलायलाच नको.

गंजावर चिंच, लिंबूफूल, व्हिनेगर हे घरगुती उपाय बाहेरच्या सुट्या भागांना उत्तम: जाळी, बोल्ट, पाय. रात्रभर लिंबूफुलाच्या पाण्यात ठेवा, सकाळी ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, लगेच उन्हात वाळवा. सोडा टाळलात तर आम्ल खाचांत राहतं आणि आठ दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त गंज चढतो. बॉडीवर गंजाचं रूपांतर करणारं फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लाचं द्रावण ब्रशने लावता येतं. यातलं काहीही वाइंडिंगच्या वीतभर जवळ न्यायचं नाही.

बेअरिंगबद्दल माझं मत कडक आहे. गंजलेलं बेअरिंग धुऊन, ग्रीस भरून परत बसवू नका. चार महिने एकाच जागी उभ्या राहिलेल्या गोळ्यांखाली पट्टीवर ओळीने डाग पडलेले असतात, आणि ग्रीस भरल्यावर ते दिसत नाहीत एवढंच. घरगुती पंपाला बहुधा 6202, 6203 किंवा 6204 असतं, नंबर कडेवर कोरलेला असतो. घेताना रबरी सीलचं मागा. पत्र्याच्या झाकणाचं धूळ अडवतं, ओल अडवत नाही. बसवताना पाइपचा तुकडा आतल्या कड्यावर टेकवून ठोका. बाहेरच्या कड्यावर ठोकलेलं बेअरिंग नवं असूनही पहिल्या दिवसापासून गाणं म्हणतं.

वाळवणं, आणि एलईडीचा किस्सा

मेगर (जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) असेल तर 500 व्होल्टवर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधला रोध मोजा. नसेल तर कुठल्याही वाइंडरकडे असतो, पाच मिनिटांचं काम आहे. जुना नियम निदान 1 मेगाओमचा. मी 5 च्या खाली मोटर देत नाही. मल्टिमीटरच्या रीडिंगवर विसंबू नका, नऊ व्होल्टला ही गळती दिसत नाही.

वाळवायला मोठा पत्र्याचा डबा किंवा चिऱ्यांचा छोटा कोनाडा, आत 100 वॉटचा तारेचा बल्ब, वर ओल बाहेर पडायला फट. बल्ब वाइंडिंगला टेकलेला नको, आणि बॉडी सत्तर-ऐंशी अंशांच्या वर नको, घाईने तापवलं तर आतल्या पाण्याची वाफ वार्निश फोडून बाहेर येते. एका गिऱ्हाइकाने मी सांगितल्याप्रमाणे तीन दिवस बल्ब लावून ठेवला आणि मोटर होती तशीच ओली घेऊन आला. बल्ब एलईडीचा होता. डबा आतून छान उजळला असेल.

पहिल्या काही तासांत मेगरचं रीडिंग वाढण्याऐवजी घसरतं, घाबरू नका. वाइंडिंग तापलं की रोध कमी होतो, ढोबळमानाने दर दहा अंशांना निम्मा, आणि ओलही आतून बाहेर सरकत असते. नंतर रीडिंग चढायला लागतं. चढून काही तास एका जागी स्थिरावलं की वाळलं. गेल्या वर्षी एका अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरने 0.3 वरून सुरुवात केली, संध्याकाळी 0.1 दाखवला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी 20 च्या पुढे गेली. पहिल्या संध्याकाळी मालक ती भंगारात द्यायला निघाला होता.

मोटर कोमट असतानाच वाइंडिंगवर हवेत वाळणारं इन्सुलेटिंग वार्निश ब्रशने सोडा, ते खोल उतरतं. ओल्या वाइंडिंगवर वार्निश लावलं तर ओल आत सीलबंद होते, म्हणजे पुन्हा प्लास्टिकची खोळच. स्टेटरच्या आतल्या गोलावर आणि रोटरवर मात्र वार्निशचा फडक्याने पुसलेला पातळ हात, जाड थर नको, फट किती आहे ते वर सांगितलंय.

बाहेरून तांबडा ऑक्साइड प्रायमर, वाळल्यावर एनॅमल रंगाचे दोन पातळ हात. रंगाआधी नावाची पट्टी टेपने झाका. हिरव्या रंगाखाली गेलेला कपॅसिटरचा आकडा शोधण्यात माझे कितीतरी तास गेलेत. पंख्याजवळच्या पाकळ्या रंगाने बुजवू नका, त्यांच्यातूनच मोटर गार होते. कव्हर जिथे बॉडीत बसतं त्या खाचेला रंग नाही, ग्रीसचं बोट. अर्थिंगच्या स्क्रूखालचा रंग खरवडून काढा.

आणि खालचं भोक. बऱ्याच मोटरींना पोटाच्या तळाशी किंवा कव्हरांच्या खालच्या कडेला पेन्सिलीएवढं भोक असतं, आत साचलेलं पाणी गळून जाण्यासाठी. रंगाने, चिखलाने किंवा कुंभारीण माशीच्या घराने ते बुजतं, आणि काही लोक "पाणी जाईल" म्हणून त्यात एम-सील भरतात! ते मोकळं करा. मोटर उलटसुलट बसवली असेल तर भोक वर येतं, तेही पाहा.

पुढच्या जूनसाठी

मोटर चिऱ्यावर वीतभर उंच. वर पत्रा किंवा झाप, मोटरपासून हातभर अंतर ठेवून, खालून आणि बाजूंनी मोकळं. केबल टर्मिनल बॉक्समध्ये खालून न्या, आणि बाहेर तिला एक झोल द्या म्हणजे वरून ओघळणारं पाणी झोलाशी टपकेल. बॉक्सचं रबर फाटलं असेल तर सायकलच्या ट्यूबचं कापून घाला.

चार महिने पंप लागणारच नसेल तर केसिंगचा तळातला प्लग काढून पाणी सोडून द्या आणि प्लग जागेवर बांधून ठेवा, हरवतो. त्यानंतर महिन्यातून एक-दोनदा, वीज बंद करून, पंखा हाताने दोन-तीन वेळा फिरवा आणि वेगळ्या जागी थांबवा, म्हणजे बेअरिंगचे गोळे जागा बदलतात. कोरड्या पंपाचं बटण दाबायचं नाही, शाफ्टपाशी पाणी अडवणारं मेकॅनिकल सील जळतं.

मला स्वतःला दुसरा मार्ग पटतो. पाणी काढू नका, दर आठवड्याला अर्धा तास पंप चालवा आणि पाणी परत विहिरीत सोडा. पावसात विहीर तुडुंब असते, पाण्याची उणीव नाही. पण अर्धा तास म्हणजे अर्धा तास. दोन मिनिटं फिरवून बंद केलेली मोटर जेमतेम कोमट होते, आणि गार पडताना तेवढीच ओली हवा आत घेते.

पंपाला खोली असेल तर मोटरशेजारी 40 वॉटचा तारेचा बल्ब रात्रभर लावून ठेवा. बारा तासांना अर्धं युनिट. मोटर आसपासच्या हवेपेक्षा चार-पाच अंश गरम राहिली की तिला घाम फुटत नाही. आणि मोटर लहान असेल, सोडवून आणता येत असेल, तर घरात चुलीच्या वरच्या माळ्यासारखी जागा नाही. तिथे सुकत घातलेल्या मिरच्यांइतकीच ती खडखडीत राहते.

नव्याने जोडलेली मोटर पहिल्यांदा चालू करताना टोंग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा चिमटा) लावा आणि करंट पट्टीवरच्या आकड्याशी ताडा. दहा मिनिटांनी बंद करून बॉडीला हाताची मागची बाजू लावा, बेअरिंगच्या जागेपाशी जास्त कढत लागली तर कव्हर तिरकं बसलं आहे. पहिलं पाणी गंजाने तांबडं येईल. ते टाकीत घेऊ नका, दोन-चार मिनिटं माडाच्या आळ्यात सोडा.